रुमालवाल्याची घागर

आमच्या सिनेमाच्या तंबूत बायकांचा रुमालवाला डावखुरा होता आणि पुरुषांचा उजवा. यात जादू काही नव्हती. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असायचा. मशीनच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्याच्या पाठीमागं बायका. चित्र एकच, पण मागून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसे. तिकडं रुमालवाल्यानं उजव्या हातानं तलवार उपसली की इकडं तो डाव्या हातानं उपसायचा. कापड कोरडं असलं तर बायकांकडचं चित्र फिकं पडे, म्हणून खेळाआधी पडद्यावर पाणी मारावं लागायचं. ते काम माझं. बादली आणि तांब्या घेऊन मी पडदा भिजवायची, मग बायकांच्या दारात बसून तिकिटं फाडायची. आज इतक्या वर्षांनीही ओल्या कापडाचा वास आला की मी हातातलं काम टाकते.

साठ सालानंतरची ती वर्षं. तंबू धुळ्याच्या एका शेठजींचा. राजस्थानातून आलेलं जैन घराणं, कापडाचं दुकान भावांनी सांभाळलेलं, आणि यांना लागलेलं हे टुरिंग टॉकीजचं वेड. वेड म्हणजे पिक्चर बघण्याचं नव्हे हं. मारामारी बघणं त्यांना पाप वाटायचं. खेळ चालू असताना ते तंबूबाहेर खुर्ची टाकून पाठ करून बसायचे, आणि दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचे. पण भुसावळच्या एका वितरकाकडून त्यांनी रुमालवाल्याचे पाचही भाग कायमचे घेऊन ठेवले होते. तोंडाला काळा रुमाल बांधलेला घोडेस्वार, एक जुलमी सरदार, कड्यावरून उडी, आणि शेवटी कोणालाही तोंड न दाखवता घोड्यावरून निघून जाणं. पाचही भागांत हेच.

पहिल्या भागानं रावेरकडच्या केळीवाल्यांना खुळं केलं होतं म्हणे. मी लग्न होऊन तंबूत आले तोवर नव्याचे नऊ दिवस कधीच सरले होते. पाचव्या भागात तर नटाचं पोट सुटलेलं, घोड्यावर चढताना मागून कोणीतरी ढकलतंय हे स्पष्ट दिसे. लोक हसायचे. शेठजींनी यावर तोड काढली. त्यांनी पहिल्या भागातली घोडदौड कापून पाचव्यात जोडली. झालं काय, की घोड्यावर रुमालवाला काटकुळा आणि खाली उतरला की ढेरपोट्या. नरडाण्याला या प्रकारावर इतक्या शिट्ट्या झाल्या की मशीनवाल्यानं मशीन बंद केलं. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय!

"शेठजी, त्या नटाला सांगा की थोडं कमी खा," असं माझा नवरा एकदा थट्टेनं म्हणाला.

शेठजी म्हणाले, "कोणाला सांगू? तो जाऊन तीन वर्षं झाली."

रोज जो आमच्यासमोर उड्या मारत होता, तो माणूस जिवंत नाही, हे आमच्या मनातही आलं नव्हतं.

नवरा भडगावजवळच्या खेड्यातला, गिरणेच्या काठचा. थोडी कोरडवाहू जमीन, घरात आई एकटी. माझे वडील धुळ्याला टांगा चालवायचे, त्यामुळं मी चालायच्या आधी घोड्यावर बसले असं घरी म्हणत. लग्नात वडिलांनी आंदण म्हणून मला एक काळी घोडी दिली. त्या घोडीला टांगा जोडून नवरा दर मुक्कामी रेल्वेनं आलेली रिळं स्टेशनावरून आणायचा. एवढ्यावर आमचं पोट होतं, म्हणून तंबू बसला तर आम्हीही बसणार हे मला दिसत होतं.

युक्ती मीच सांगितली. "शेठजी, रुमालवाल्याला पडद्याबाहेर काढा. घोडी आपली आहे, माणूस आपला आहे. रुमालाला काय तोटा?"

खानदेशात उन्हाळ्यात कोण तोंडाला रुमाल बांधत नाही? पण काळा रुमाल, काळा अंगरखा आणि काळी घोडी, असा स्वार भर दुपारी आठवड्याच्या बाजारातून दौडत गेला तेव्हा भाजीवाल्या बायका टोपल्या टाकून उभ्या राहिल्या. संध्याकाळी तंबू भरला. शेवटच्या रिळात रुमालवाला डोंगराआड जातो, तिथं दिवे लागायच्या आत माझा नवरा पडद्याच्या कडेनं घोडीसकट आत शिरायचा, पुरुषांना एक वळसा, बायकांना एक वळसा, की बाहेर. लोक वेडे झाले. तेच पाच भाग, तीच तुटकी रिळं, आणि बाहेर बैलगाड्या लावायला जागा नाही. शेठजी त्याला बूट घेऊन देणार होते. पडद्यावरच्याला होते ना! पण आज घेऊ, उद्या घेऊ करत राहून गेलं. आमचा रुमालवाला अनवाणी रिकिबीत पाय घालायचा.

तक्रार फक्त बायकांची होती. नवऱ्याच्या उजव्या हातातली काठी बघून त्या म्हणायच्या, "हाऊ खोटा शे. आपला तो डावखुरा."

त्याला याचा भारी राग यायचा. डाव्या हातानं काठी फिरवायला शिकायचं म्हणून त्यानं माझ्या दोन कळशा फोडल्या. शेवटी काठी माझ्याकडं टाकून म्हणायचा, "तूच बस घोडीवर. तू तर जन्माची डावरी."

ते खरं होतं. मी डावरी. सासूबाईंनी लग्नानंतरचं पहिलं वर्ष माझा डावा हात सुधारण्यात घालवलं होतं. डाव्या हातानं पाणी दिलं की हातावर उलथणं बसायचं. "डावा हातनं पानी पितरस्ले बी पोचस नही," असं त्या म्हणायच्या. आमचं दोघींचं कधी फारसं जमलं नाही. त्यांना वाटायचं मी त्यांचा मुलगा तंबूत नेला. मला वाटायचं तंबूत तरी तो माझा आहे.

पौषात त्याच्या पायात तंबूची गंजकी खुंटी गेली. एवढीशी जखम. त्यानं हळद दाबली आणि दुपारी बाजारात घोडी फिरवून आला. पुढच्या आठवड्यात त्याचा जबडा उघडेना. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं तोवर धनुर्वातानं त्याचं अंग कमानीसारखं ताणलं होतं. कड्यावरून उड्या मारणारा रुमालवाला एका खुंटीनं गेला. शेठजी दवाखान्याच्या पायरीवर बसून बुटांविषयी काहीतरी बोलत होते. त्यांच्याकडं बघायचीही मला इच्छा नव्हती.

दिवसपाणी झाले. सासूबाई म्हणाल्या, "आते कोपरा धर." आमच्यात नवरा गेलेल्या बाईनं वर्षभर घराचा कोपरा सोडायचा नसतो, उजेडी तोंड दाखवायचं नसतं. मी कोपऱ्यात बसले. समोर भिंत, भिंतीला पोपडे. त्या घरात त्याचा आवाज कुठंच नव्हता, कारण लग्नानंतर तो त्या घरात फारसा राहिलाच नव्हता. तो होता तंबूत. मला तिथं जायचं होतं. त्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

शेठजी एका माणसाला घेऊन घोडी मागायला आले, तेव्हा मी पदर डोक्यावर घेऊन उठले आणि घोडीबरोबर चालू लागले. स्वयंपाकाला म्हणून जाते असं सांगितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाय भायेर टाका ते मंग परत येऊ नको."

तंबूत घोडीनं दोन माणसं पाडली. एकाचा हात मोडला. ती रुमाल बांधलेल्या परक्या माणसाला जवळ येऊ देईना, नाकपुड्या फुगवून मागं सरायची. बाजारात स्वार नाही म्हणून तंबू पुन्हा ओस पडला. शेठजी हिशेब मांडून नुसते डोकं धरून बसायचे.

एका सकाळी मी त्याची ट्रंक उघडली. अंगरखा घातला. केस फेट्यात कोंबले. रुमाल मी धुतला नव्हता. त्यात विडीचा, घामाचा आणि घोडीचा वास तसाच होता. तो तोंडावर बांधला आणि श्वास घेतला, आणि तो माझ्या इतका जवळ आला की मी उभ्याउभ्या हुंदके दिले. बाहेर आले तर घोडी कान टवकारून बघत राहिली. मग पुढं आली आणि तिनं माझ्या खांद्यावर तोंड घासलं, जसं त्याच्या खांद्यावर घासायची. शेठजी खुर्चीतून उठले आणि नवकार मंत्र म्हणू लागले. मी बोलले तेव्हा कुठं त्यांना कळलं की मी कोण.

ज्या बाईनं उजेडी तोंड दाखवायचं नव्हतं, ती आता भर बाजारातून दौडत होती. आणि नियम मोडला असंही म्हणता येत नव्हतं, तोंड झाकलेलंच होतं! या गोष्टीचं मला तेव्हाही हसू आलं होतं. पण हसू फार दिवस टिकलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी मी पडद्याच्या कडेनं आत शिरले. काठी अर्थातच डाव्या हातात. पुरुषांकडं नेहमीचाच आरडाओरडा झाला. बायकांकडं वळले आणि सगळ्यांच्या नजरा काठीवर गेल्या. मग एक म्हातारी ओरडली, "आते खरा ऊना! बठ्ठ्या दखा, हाऊ डावखुरा शे!" आणि आता खरा रुमालवाला आला म्हणून सगळ्याजणी हात जोडून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या मुक्कामी आमच्या गावचा एक माणूस कापूस घेऊन बाजारात आला होता. त्यानं माझ्या नवऱ्याला खांदा दिला होता. त्यानं तीच घोडी बघितली, तोच अंगरखा, तेच अनवाणी पाय रिकिबीत. तो मटकन खालीच बसला. "मरीसन बी वापस ऊना रे तो!" त्याचं हे वाक्य आमच्या पुढं पुढं गावोगाव गेलं. कोणी म्हणे याची सावली पडत नाही, कोणी म्हणे याला हाक मारली तर हा वळत नाही. वळणार कशी? आवाजावरून ओळखतील म्हणून मी तोंडच उघडत नव्हते. शेठजींना आयती जाहिरात मिळाली. भोंग्यावरून ते ओरडवू लागले, "मरणालाही न मानणारा रुमालवाला!" पाच भाग पुन्हा पहिल्यापासून लागले आणि रोज तंबूच्या कनाती वर उचलून बाहेर माणसं बसवावी लागली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते खोटं नाही.

लोकांना जे वाटत होतं ते हळूहळू मलाही वाटू लागलं. रुमाल बांधला की माझा खांदा त्याच्यासारखा एका बाजूला कलायचा. एकदा घोडीवर बसताना मी खाकरले आणि ते खाकरणं त्याचं होतं. स्वयंपाक करताना मी घोडीवरच्या त्याची वाट बघायची आणि घोडीवर असताना मला स्वयंपाक करणारी मी आठवायची नाही. पडद्यावर तो नट दौडत असायचा, मेलेला. पडद्याच्या कडेला माझा नवरा तयार उभा असायचा, तोही मेलेला. त्या दोघांच्या मध्ये मी कुठं होते? मला भीती वाटायची, आणि भीती वाटत असूनही संध्याकाळची ओढ लागायची. वास कमी होऊ नये म्हणून मी रुमाल घडी करून हवाबंद डब्यात ठेवायची.

आखाजी जवळ आली. अक्षय्यतृतीयेला आमच्याकडं घरोघर पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, त्यावर लहान मडकं, वर खरबूज, सांजोरीचा नैवेद्य. वर्षभरात गेलेल्याची ती पहिली घागर, ती भरली की त्याची तहान भागते आणि तो पितरांत मिळतो. त्याच सुमारास आमच्या गावचा तो कापूसवाला तंबूवर आला आणि शेठजींना म्हणाला, "त्याची आई घागर भरायला बसली तर गाव तिला भरू देत नाही. जो गावोगाव फिरतोय त्याची घागर कशी भरायची? म्हातारी अन्नपाणी सोडून बसली आहे. तिनं निरोप धाडलाय, की माझ्या पोराला एकदा भडगावच्या बाजारात आणा."

मी चुलीपाशी बसून ऐकलं. हातातली भाकरी करपली. तोवर मला वाटत होतं की त्याला मी जिवंत ठेवते आहे. त्याची आई तिकडं त्याला पाणी पाजू शकत नाही, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. जावं तर तिच्यासमोर तिचा मुलगा बनून उभं राहावं लागणार. रुमाल काढावा तर भर बाजारात वर्षाच्या आतली विधवा पुरुषाच्या कपड्यांत, आणि मग तिला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. न जावं तर म्हातारी तहानेनं मरेल. शेठजी म्हणाले, "नको जाऊस. मी तंबू दुसरीकडं हलवतो." या एका गोष्टीसाठी मी त्यांना बूट माफ केले.

मी गेले. काय करणार ते ठरवलं नव्हतं.

भडगावच्या बाजारात त्या दिवशी खरबुजांचे ढीग होते, आणि आखाजीसाठी माहेरी आलेल्या पोरींची गर्दी. मी घोडी शिरवली आणि माणसं दोन्हीकडं सरकली. कोणी शिट्टी मारली नाही. समोर सासूबाई उभ्या होत्या. इतक्या वाळल्या होत्या की लुगडं काठीवर टाकल्यासारखं दिसत होतं. त्यांच्या दोन्ही हातांत घागरीवरचं ते लहान मडकं होतं, पाण्यानं भरलेलं. लगाम माझ्या उजव्या हातात, काठी डाव्या हातात. घोडी त्यांना ओळखून आपोआप थांबली.

त्या जवळ आल्या. माझ्या डोळ्यांकडं त्यांनी बघितलं की नाही, सांगता येत नाही. त्या बघत होत्या काठी धरलेल्या हाताकडं, बराच वेळ. मग त्यांनी मडकं वर केलं. मी काठी टाकली, लगाम सोडला आणि उजवा हात पुढं केला. पितरांचं पाणी डाव्या हातानं घ्यायचं नसतं, हे त्यांनीच तर मला मारून मारून शिकवलं होतं.

त्यांनी मडकं मागं घेतलं. माझ्या गुडघ्याला खेटून उभ्या राहिल्या आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "डावाच हातमा ले, माय."

माझा डावा हात त्यांनी स्वतः धरला. त्यावर एक जुना डाग होता, उलथण्याचा. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला आणि तळव्यात मडकं ठेवलं. मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "पी ले, भाऊ! तुनी घागर शे. पी ले आनि जाय आते. कोठेच फिरू नको!"

मी रुमालावरूनच मडकं तोंडाला लावलं. पाणी कापडातून झिरपत आत आलं, थंड, मातीच्या वासाचं. रुमाल भिजून तोंडाला चिकटला. श्वास घेता येईना. मी प्याले, सगळं प्याले, आणि रडत होते हे पाण्यामुळं कोणाला कळलं नाही. मडकं रिकामं झालं तेव्हा बाजारातल्या बायकांनी हात जोडले.

सासूबाईंनी घोडीचा लगाम हातात घेतला. शेठजी धावत आले होते, त्यांना म्हणाल्या, "घोडी मनी सूननी शे. मी घर लई जास." शेठजी बाजूला झाले.

गिरणेच्या पात्रापर्यंत आम्ही तशाच गेलो. पुढं म्हातारी चालत होती, मी घोडीवर. पाण्यापाशी त्यांनी मला उतरवलं, आणि माझ्या तोंडावरचा रुमाल सोडून नदीत धुतला. मी "नको" म्हणाले. मी ओरडलेच खरं तर. त्यांनी ऐकलं नाही. काळा रंग पाण्यात जाऊ लागला, आणि त्याबरोबर तो वासही. त्यांनी रुमाल पिळून दगडावर वाळत घातला आणि वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसलो. मग त्या म्हणाल्या, "चाल, चुल्हा पेटाडना शे."

पुढं तंबू कुठं गेला, पाच भागांचं काय झालं, मी विचारलं नाही. शेठजी नंतर कधी भेटले तर पिक्चरचं नाव काढत नसत. सासूबाईंबरोबर मी त्या घरात पुष्कळ वर्षं काढली. आम्ही भांडलोही पुष्कळ. पण माझ्या डाव्या हाताविषयी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

तो रुमाल अजून माझ्याकडं आहे. नुसतं कापड आहे ते आता. त्या दिवसानंतर नवरा मला ना स्वप्नात आला, ना खाकरला, ना घोडीनं कधी दाराकडं बघून कान टवकारले. किती वाट बघितली मी! आता सासूबाईही नाहीत, आखाजीला दोन घागरी असतात, आणि दोन्ही मी डाव्या हातानं भरते. पाणी पोचत असणार. नाहीतर तो इतका गप्प राहिला नसता.